टाकीवरची रेघ

परवा कंपनीच्या कँटीनमध्ये एकाचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, समोसा, गुलाबजाम. अशा वेळी जुन्या लोकांपैकी कुणीतरी एक विषय हमखास काढतं, तसा तो याही वेळी निघाला. "आमच्या वेळचे इन्स्पेक्शनचे काका. काय माणूस होता राव. पार्टला एक बारीक कंगोरा राहिला म्हणून गेटवरून अख्खा ट्रक माघारी बोलावला होता. तसा माणूस आता होणे नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकजण माझ्याकडं बघून म्हणाला, "तुम्ही तर त्यांच्या घरातच राहायला होता. सांगा की काहीतरी." मी गुलाबजाम तसाच ठेवला आणि हात धुवायला उठलो. सांगण्यासारखं माझ्याजवळ लई आहे. पण मला त्या माणसाचा राग येतो, अजून येतो, आणि निरोप समारंभात शिव्या घालत नसतात.

ट्रकची गोष्ट खरी आहे. वाळूजच्या कारखान्यात ते शेवटच्या तपासणीला होते आणि मी सात वर्षं त्यांच्या हाताखाली. ब्रेकचे पार्ट आमच्या टेबलावरून पुढं जायचे. काकांच्या खिशात कायम सहा इंची स्टीलची पट्टी आणि टॅगचे दोन गठ्ठे. हिरवा टॅग म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट. एकदा महिनाअखेरीला माल अडला. खुद्द मॅनेजर खाली आला आणि गोड बोलायला लागला, "काका, जाऊ द्या हो, चालतंय." काका त्या मालाच्या पेटीवर चढून बसले. म्हणाले, "साहेब, हे तुमच्या पोराच्या गाडीला बसवतो. मग सांगा चालतंय का." पेटी गेली नाही. त्या दिवशी मला त्यांचा एवढा अभिमान वाटला होता की घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं.

चालतंय. हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "घड्याळ चालतंय, वासरू चालतंय," ते म्हणायचे. "पार्ट चालत नसतो. पार्ट बरोबर असतो न्हाय तर चूक असतो." नवीन आलेला कुणी सवयीनं बोलून गेला तर त्याला दिवसभर बिनकामाचं उभं करायचे. आणि आपल्या मराठवाड्यात तर माणूस दिवसातून शंभर वेळा चालतंय म्हणतो. जेवायला बोलावलं तरी चालतंय, नाही बोलावलं तरी चालतंय.

ते निवृत्त झाले त्याच वर्षी मी मुकुंदवाडीत त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर बायको-लेकरांसह भाड्यानं राहायला आलो. मीच मागं लागून आलो. वाटलं, एवढ्या नेकीचा माणूस, घर कसं असेल. घर असं होतं की समोरच्या खोलीत कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढं रोज ताजं फूल, आणि मूर्तीच्या बरोबर खाली, फरशीवर जुनं बेडशीट अंथरून, एक मोटारसायकल. म्हणजे मोटारसायकल होण्याआधीचा ढीग. साडेतीनशे सीसीची, जुन्या पद्धतीची, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेली. तरुणपणी घेतलेली, गंजून गेलेली. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती खोलली होती. "तीन महिन्यांत जोडतो," असं काकूंना सांगितलं होतं. मी राहायला गेलो तेव्हा सहा महिने होऊन गेले होते. पुढं पाच वर्षं गेली.

काकू म्हणजे त्यांची बायको. बुटक्या, शांत, आणि तोंडाच्या फटकळ. हे दोन्ही एकाच बाईत कसं राहतं ते मला कधी कळलं नाही. स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा काकांनी गाडीसाठी घेतला होता. सात वाट्यांत सात प्रकारचे वॉशर, जेट, सुया, स्प्रिंगा. काकूंनी मोहरी-जिरं प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून ठेवलं. "एकदा भाजीत वॉशर निघालं," त्या मला सांगत होत्या, "तर हे खुश झाले. म्हणाले, हेच शोधू राहिलो होतो."

काका मूर्तीसमोर शिवी देत नसत. नट घसरला, बोट सोलवटलं, तरी तोंडातून ब्र नाही. पाना खाली ठेवायचा, चपला घालायच्या, गेटच्या बाहेर गल्लीत जायचं, तिथं उभं राहून मोकळ्या आवाजात दोन शिव्या द्यायच्या, परत यायचं, चपला काढायच्या, पाना उचलायचा. गल्लीतल्या बायका त्यावरून गाडीचं काम कुठवर आलं ते ओळखायच्या. शेजारीण गेटमधून विचारायची, "आज चारदा बाहेर आले. इंजिन का?"

आणि ते टॅग. निवृत्त होताना दोन्ही टॅगचे गठ्ठे घरी आणले होते, पण वापरात फक्त लाल. फ्लॉवरला आतून काळा डाग निघाला, लाल टॅग बांधून भाजीवाल्याच्या गाड्यावर परत. मी घरी एक रॅक बनवली, एक पाय अंमळ आखूड झाला, सकाळी बघतो तर पायाला लाल टॅग. काकूंच्या भाकरीलासुद्धा टॅग बसायचा. त्या म्हणायच्या, "एक दिवस माझ्याच गळ्यात बांधा." तेव्हा आम्ही सगळे हसायचो. आता विचार करतो, आपण कशाला हसत होतो. हिरवा टॅग त्या घरात कुणी कधी बघितला नव्हता.

काकूंना काचबिंदू निघाला तो तिसऱ्या वर्षी. त्या दरवाजाच्या चौकटीला खांदा धडकवू लागल्या, बाजूला ठेवलेला पेला लवंडवू लागल्या, तेव्हा ध्यानात आलं. डॉक्टरनं सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, औषधानं उरलेली जितकी टिकेल तितकी टिकेल. या रोगात आधी कडेचं जातं आणि समोरचं शेवटपर्यंत राहतं. काकू सांगायच्या, "पाइपातून बघितल्यावाणी दिसतंय. तुमचं तोंड दिसतंय, कान दिसत नाय."

त्यांचं माहेर शेंद्र्याला. मुकुंदवाडीतून सरळ जालना रोडनं चिकलठाणा ओलांडून जायचं, अर्ध्या तासाचा रस्ता. लग्नानंतर काकांनी त्यांना याच गाडीवर बसवून आणलं होतं. तेव्हा दोन्ही बाजूला ज्वारी होती, आता कारखाने आहेत. काकूंचं मागणं एकच होतं आणि ते त्यांनी माझ्यासमोर कितीतरी वेळा सांगितलं. "डोळे हायत तवर मला एकदा ह्या गाडीवर मागं बसवून माहेरला न्या."

काकूंच्या भावाची मोटार होती, रिक्षा होती, बस होती. काका तेच म्हणायचे, "रिक्षानं जा ना, कोण अडवतंय?"

"रिक्षातून बाजूचं दिसतंय," काकू म्हणायच्या. "माझी बाजू गेली. मला आता समोरचंच दिसतंय. तुमच्या खांद्यावरून समोरचा रस्ता दिसतो, तेवढा बघायचाय. तवा बघितला होता तसा."

एवढं सरळ मागणं. आणि काका म्हणायचे, "तयार झाली की नेतो."

तयार म्हणजे काय ते फक्त त्यांनाच ठाऊक. इंजिन चौथ्या वर्षी सुरू झालं. मी तिथंच होतो. त्यांनी अँपियर-मीटरचा काटा मध्ये आणला, छोटा लिव्हर दाबून किक हळूच खाली नेली, मग अंगाचा सगळा भार देऊन मारली. पहिल्या किकला. सगळी गल्ली गोळा झाली. काकू चौकट धरून उभ्या, तोंडाला पदर. त्या आत वळल्या, चप्पल घालून आल्या. खरंच आल्या. काकांनी कान लावून ऐकलं, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "टॅपेटचा टकटक आवाज हाय." इंजिन परत खोललं. काकूंनी चप्पल काढून कोपऱ्यात ठेवली.  मला तेव्हा राग यायला हवा होता. पण नाही आला, आदर वाटला. बघा, काय माणूस आहे, असं वाटलं. माझी अक्कल एवढीच होती.

पाचव्या वर्षी जानेवारीत गाडी उभी राहिली. पूर्ण. हिरवा रंग मूळचाच, चार वेळा मिसळून जमवलेला. टाकीवर सोनेरी रेघा मारायला शहागंजचे एक पेंटरचाचा आले होते. सत्तरीचे, दुकानांचे बोर्ड रंगवण्यात हयात गेलेले. बारीक ब्रश, श्वास रोखून एका दमात एक रेघ. वरून लॅकरचा, म्हणजे चकाकीच्या पारदर्शक रंगाचा, हात. रविवार होता. काकूंनी मोरपंखी साडी नेसली होती. भावाला फोन करून झाला होता, तिकडं पुरणाचं जेवण ठरलं होतं. माझ्या बायकोनं काकूंच्या केसांत अबोली माळली. काकूंना तेव्हा समोरचं अजून बऱ्यापैकी दिसत होतं. त्या अंगणात आल्या, गाडीसमोर जवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तीच हाय. अगदी तीच."

काकांनी गाडीला दोन चकरा मारल्या. मी त्यांचं तोंड बघत होतो. त्यांना चूक सापडत नव्हती. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा चूक शोधून थकला होता, आणि मी शपथेवर सांगतो, त्याला ते आवडलं होतं. त्यांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली. मला वाटलं, मोजणार. ती त्यांनी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "ही तुला. माझं झालं आता. तू बघ एकदा आणि सांग, मग निघतो."

ते मला मान देत होते. सात वर्षं ज्यांच्या हाताखाली घासलं त्यांनी शेवटची तपासणी माझ्याकडं दिली होती. मला काय म्हणायचं होतं? निघा काका, काकू उभ्या आहेत, एवढंच म्हणायचं होतं. कुठलाही शहाणा माणूस हेच म्हणाला असता. माझी बायको, शेजारीण, पेंटरचाचा, कुणीही. पण त्यांनी मला घडवलं होतं. मी खाली बसलो. उजवी रेघ मोजली, तीन मिलीमीटर. डावी मोजली. गुडघा टेकायच्या रबराजवळ, जिथं टाकी वळते, तिथं साडेतीन.

मी तोंड उघडलं. "काका, डावी अर्ध्या मिलीमीटरनं जाड आहे."

आवाजात केवढी ऐट होती माझ्या, ते अजून कानात आहे.

काका माझ्याशेजारी बसले. पट्टी घेतली, मोजली, परत दिली. "शाबास," म्हणाले. मग खिशातून लाल टॅग काढला आणि हँडलला बांधला. सरळ, शांतपणे, एक गाठ, दुसरी गाठ. काकू गेटजवळ चप्पल घालून उभ्या होत्या. त्यांना टॅग दिसला नसावा, त्यांनी विचारलं, "निघायचं ना?" काका म्हणाले, "टाकी काढावी लागती."

पेंटरचाचा बाजूला बसून चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "अरे मियां, हाथ की लकीर है, मशीन की नहीं. इत्ता फरक तो रहना. तुम्ही बसल्यावर गुडघ्याखाली जाणार ती. कोण बघतंय?"

"मला म्हाईत हाय ना," काका म्हणाले.

"भाभीजी तयार होके खडी हैं."

"भाभीजी कुठं जात नायत."

चाचा उठले, ब्रशची पिशवी उचलली. जाताना माझ्याकडं बघितलं आणि नुसती मान हलवली. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वर गेल्यावर बायकोनं दिल्या, शब्दांनी. "तुमचं तोंड शिवून टाकायला पाहिजे. त्या बाईचे डोळे चाललेत आणि तुम्ही रेघ मोजताय." मी म्हणालो, "असं कसं, चूक होती ना." ती म्हणाली, "होती. मग?" 

रेघ पुसायची तर लॅकर काढावा लागतो, लॅकर काढायचा तर रंग जातो. टाकीचा रंग नव्यानं मारला तर मडगार्डशी जुळेना. मग मडगार्डही खरवडलं. चाचा परत यायला तयार नव्हते. काका तीन वेळा शहागंजला जाऊन आले. दुसऱ्या कुणाच्या हातची रेघ त्यांना चालत नव्हती. चाचांचा राग उतरला तेव्हा पावसाळा लागला होता, आणि दमट हवेत रंग मारायचा नाही हा काकांचा नियम. मी मध्ये दोनदा जाऊन सांगितलं, "काका, टाकी आहे तशी बसवा, एक दिवस काकूंना फिरवून आणा, मग परत काढा." ते माझ्याकडं असे बघायचे की जणू मी काहीतरी घाण बोललो. "तूच बोलू राहिला हे?" असं म्हणायचे. मीच बोलत होतो. उशिरा बोलत होतो.

बाई थांबली असती, डोळे थांबले नाहीत. श्रावणात एके दिवशी काकूंनी मला जिन्यात विचारलं, "कोण हाय?" मी समोर उभा होतो. तोंडाला तोंड. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "आवाजावरून वळखलं असतं, तुम्ही बोललाच नाय." मग भिंतीवर हात ठेवून खाली गेल्या. मी तिथंच पायरीवर बसलो. त्या दिवशी मी खाली जाऊन त्या माणसाच्या अंगावर ओरडायला पाहिजे होतं. गेलो नाही. काय तोंडानं जाणार होतो?

गणपती उठल्यावर गाडी तयार झाली. परत रविवार. मी वरून उतरलो तर गाडी अंगणात, टाकी बसवलेली, आणि हँडलला हिरवा टॅग. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात हिरवा टॅग. काकांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. किक मारली, पहिल्या किकला इंजिन लागलं. हात जोडावेत असा आवाज. ते आत गेले आणि काकूंना दंडाला धरून बाहेर घेऊन आले. घरातल्याच साडीवर.

"झाली," काका म्हणाले. "चल."

काकूंनी हात पुढं केला. काकांनी तो टाकीवर ठेवला.

"हिरवी हाय?"

"हाय. तीच हिरवी."

"आन् ती रेघ?"

"ही काय, हितं." काकांनी त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं. काकूंनी बोट पुढं नेलं, मागं आणलं. पूर्ण टाकीवरून फिरवलं. गुडघ्याच्या रबराजवळ वळणावर थांबवलं.

"लागत नाय हाताला."

"नाय लागणार. वरून लॅकर हाय. एकदम गुळगुळीत केलंय." हे सांगताना त्यांना अजूनही कौतुक वाटत होतं. मी तिथं होतो, मी ऐकलं.

काकूंनी तळहात टाकीवर तसाच ठेवला. इंजिनाची थरथर त्यांच्या हाताला लागत असणार. मग त्यांनी हात पदराला पुसला.

"चालतंय," त्या म्हणाल्या.

आणि वळल्या. भिंत चाचपत, चौकट चाचपत आत गेल्या. थोड्या वेळानं परातीत पीठ पडल्याचा आवाज आला.

त्या घरात हा शब्द पहिल्यांदा निघाला होता. काका चपला घालून गेटबाहेर गेले नाहीत. गाडीशेजारी उभे राहिले, डाव्या बाजूला वाकले, उजव्या बाजूला वाकले. मग मला म्हणाले, "तू मोज एकदा. सारख्या हायत ना दोन्ही?"

पट्टी माझ्या खिशात होती. जानेवारीपासून रोज होती. मी ती काढली आणि सीटवर ठेवली.

"काकूंना विचारा," मी म्हणालो.

महिन्याभरात आम्ही ते घर सोडलं. गाडी अजून तिथंच आहे म्हणतात, हिरव्या टॅगसकट, वर कापड टाकून. तिच्यावर परत कुणी बसलं नाही. काका विचारायला आत गेले की नाही, मला माहीत नाही. मी जिना चढलो तेव्हा ते तसेच उभे होते आणि इंजिन चालत होतं. आवाजात खोट काढायला कुठं जागा नव्हती.